दगडफूल

शंभर ग्रॅम दगडफूल घेतलं
आणि काउंटरवरच पसरून बसली, डोळ्याला भिंग लावून.
म्हटलं, बाई, निवडलेलं आहे,
खडा निघाला तर पैसे परत.
निलोफर तांबोळी म्हणाली, खडा नाही शोधत,
कोणकोण आलंय ते बघतेय.

तेव्हापासून येते. बिबवेवाडीच्या आमच्या कांडपावर
दर शनिवारी, केसात धन्याची धूळ घेऊन जाते.
एका पोत्यात तिला चार जाती सापडल्या.
आम्ही एकोणीस वर्षं
सगळ्यांना एकाच नावानं तोलत होतो.

हे फूलही नाही आणि दगडाचंही नाही, तिनं सांगितलं.
एक बुरशी असते, एक शेवाळ.
बुरशी भिंती धरते, ओल राखते.
शेवाळ उन्हावर रांधतं, दोघांपुरतं.
सुटं सुटं ठेवलं तर त्या उघड्या फांदीवर
एक वैशाख निघायचा नाही दोघांचा.

डंक्याच्या धडधडीत मी ओरडून विचारलं,
आणि भांडणं?

ती हसली. त्यावरच तर आमच्या लोकांत भांडण आहे.
कुणी म्हणतं संसार,
कुणी म्हणतं बुरशीनं शेवाळ दावणीला बांधलंय.
कोट्यवधी वर्षं झाली,
पंचनामा अजून चालूच आहे.

मी मागे बघितलं.
मागे कुमुद, माझी जाऊ, कढईपाशी.
ती भाजते, मी कांडते.
दोन वर्षं, दोन महिने आमच्यात शब्द नाही.
कारण सांगण्यासारखं नाही, म्हणजे एका गाळ्याच्या कागदाचं आहे.
पण तिळाचा रंग कुठं थांबवायचा ते तिला कळतं
आणि तिची परात भरली की
माझा हात आपोआप पुढं जातो.
यातलं कोण घर, कोण दावण,
भिंग लावूनही सांगता येणार नाही.

एका रविवारी निलोफर मला वेताळ टेकडीवर घेऊन गेली.
खोडांवर प्लास्टिकचा कागद धरून
तिनं डागांच्या कडा पेनानं गिरवल्या,
गेल्या वर्षीच्या रेघेवर यंदाची रेघ.
मधलं अंतर एका तिळाएवढं.
एवढंच?
एवढंच, तेही हवा बरी असली तर.
स्वारगेटच्या झाडांवर तिचा कागद
कोराच राहतो म्हणाली.

मी मनात हिशेब मांडला,
आमच्या एका घाण्यात किती तीळभर वर्षं जातात.
हिशेब जुळेना. मग बोलले नाही,
टेकडी उतरताना गुडघा दुखतोय म्हणाले.

सोमवारी दगडफूल निम्मं टाकलं.
गुरुवारी देवस्थळीकाकू डबा घेऊन परत.
गोडा मसाला असा मुका कसा लागतोय, म्हणाल्या.
मी काही बोलायच्या आत
कुमुदनं आतून वाटी आणून ठेवली,
नागकेशर जास्त, कारळे जरा करपवलेले.
काकूंनी बोट लावलं, चाटलं,
बरं, म्हणाल्या. अगदी तसं नाही, पण बरं.

कुमुदला कुणी सांगितलं?
मी तर नाही.

दुकानासमोरच्या जांभळावर, रस्त्याच्या पाठीमागच्या अंगाला,
निलोफरला नखाएवढा करडा-हिरवा ठिपका सापडला.
तिनं भोवती खडूनं गोल काढला.
काल क्लासवाला पोरगा फलक अन् हातोडी घेऊन आला,
बरोबर त्या गोलावरच खिळा टेकवला.
मी गिऱ्हाईक सोडून उठणार, तोवर कुमुद
हातात झारा तसाच, रस्त्यात.

आज सकाळी झाडाला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा दिसला.
अक्षर तिचं, शाई माझ्या वहीच्या पेनातली:

येथे खिळा मारू नये.
आत दोघं राहतात.
त्यांचं त्यांना बघू द्या.